नेटवर्क सर्व्हरमध्ये साइटचं नाव बदलताना: दोन चांदूर, दोन कारंजा आणि एक 'डीफॉल्ट'

संध्याकाळी साडेपाचला चांदूर बाजारच्या एका पतसंस्थेतून फोन आला. "भाऊ, नेट अटकून राहिलं. तेवढं मशीन एकदा बंद-चालू करून द्या ना तिकडूनच." मी घरीच होतो. लॅपटॉप उघडला, सर्व्हरमध्ये (सगळ्या गावांतली वायफायची यंत्रं लांबून सांभाळणारा प्रोग्राम) साइटची, म्हणजे एकेका जागेच्या नेटवर्कची, यादी काढली. यादीत दोन नावं होती: 'चांदूर' आणि 'चांदूर २'. मी 'चांदूर' उघडलं आणि स्विच (नेटच्या केबल जिथे जोडतात तो डबा) रीस्टार्ट केला. दोन मिनिटांत दुसरा फोन आला, चांदूर रेल्वेच्या कनिष्ठ महाविद्यालयातून. "भाऊ, नेट काऊन गेलं? फॉर्मची शेवटची तारीख आहे, पोरं रांगेत उभे आहेत ना." एका मुलीचे फीचे पैसे खात्यातून कापले गेले होते आणि पावती निघाली नव्हती. ते पैसे परत यायला आठवडा लागला, आणि तो आठवडाभर ती मुलगी रोज कॉलेजात येऊन विचारत होती.

त्या रात्री मी सगळ्या साइटची नावं बदलायला बसलो. तेव्हा जे शिकलो आणि पुढच्या काही वर्षांत त्यात जी भर पडली, ते इथे क्रमाने लिहितो. आपल्याकडे एकच माणूस चार तालुक्यांतली कापसाची जिनिंग, संत्र्याची पॅकहाउस, शाळा आणि पतसंस्था सांभाळतो. त्याच्यासाठी यादीतलं नाव हाच पत्ता असतो. उदाहरणं युनिफाय नेटवर्क सर्व्हरची घेतली आहेत, कारण माझ्याकडे तेच आहे. टीपी-लिंकचं ओमाडा वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा: नेमकं कोणतं नाव बदलायचं आहे?

"वायफायचं नाव बदलून द्या" असं कोणी म्हटलं की लगेच सर्व्हर उघडू नका. आपल्या कामात नावं चार आहेत आणि चारांचे परिणाम वेगळे आहेत.

साइटचं नाव फक्त सर्व्हरमध्ये लॉगिन करणाऱ्याला दिसतं. जिनिंगमधल्या काटेवाल्याला ते कधीच दिसणार नाही. मोबाइलवर दिसतं ते वायफायचं नाव, म्हणजे एसएसआयडी. तो बदलला तर त्या जागेवरचे सगळे फोन, काट्याला जोडलेला संगणक, बिलाचा प्रिंटर आणि वायफायवरचे कॅमेरे एकदम सुटतात, आणि प्रत्येकावर जाऊन पासवर्ड टाकावा लागतो. तिसरं डिव्हाइसचं नाव: 'गोदाम एपी' (एपी म्हणजे वायफाय पसरवणारा डबा), 'ऑफिस स्विच'. हे बदलायला काहीच धोका नाही.

चौथं नाव सर्व्हरचं स्वतःचं, आणि सर्वात सांभाळायचं हेच. त्याच्याजवळच इन्फॉर्म होस्टची चौकट असते. लांबच्या गावातले एपी आणि स्विच ८०८० या पोर्टवर ज्या पत्त्याकडे ठरावीक वेळाने हजेरी लावतात, तो पत्ता म्हणजे इन्फॉर्म होस्ट. तिथे कोणी हौसेनं 'आर्वी ऑफिस' असं काही टाकलं, तर ती डिव्हाइस तो पत्ता शोधत बसतील आणि सर्व्हरवर एकेक करून डिस्कनेक्टेड दिसू लागतील. वायफाय चालू राहील, पण तुमचा ताबा गेलेला असेल. मग प्रत्येक गावी जाऊन हाताने पत्ता परत द्यावा लागतो. मे महिन्यात, ४५ अंशांत, मोटरसायकलवर ते काम कोणावर येऊ नये.

म्हणून फोनवर विचारून घ्या: "मोबाइलमध्ये जे नाव दिसतं ते बदलायचं का?" उत्तर 'हो' असेल तर हा लेख त्या कामाचा नाही.

आत काय बदलतं आणि काय बदलत नाही

युनिफायचा सर्व्हर सगळी माहिती मोंगोडीबी डेटाबेसमध्ये ठेवतो. तिथे प्रत्येक साइटच्या दोन नोंदी असतात. एक आतली ओळख, दुसरं वर्णन. पहिली साइट आपोआप तयार होते आणि तिची ओळख 'डीफॉल्ट' असते. पुढच्या साइटना सर्व्हर स्वतःच आठ अक्षर-अंकांची अर्थहीन ओळख देतो. यादीत आपल्याला दिसतं आणि आपण बदलतो ते वर्णन. ओळख आहे तिथेच राहते.

नाव बदलून झालं की पुष्कळ जण ब्राउझरच्या पत्त्याकडे बघतात आणि तिथे अजून 'डीफॉल्ट' दिसतं म्हणून घाबरतात. घाबरू नका, ते तसंच राहणार आहे आणि तसंच राहायला हवं. तुमचे जुने बुकमार्क त्या ओळखीवर चालतात, पाहुण्यांसाठीच्या गेस्ट पोर्टलचा पत्ता त्यावर चालतो, कोणी स्क्रिप्ट लिहून ठेवली असेल तर ती त्यावर चालते. ब्राउझरच्या पत्त्यातही नवं नाव दिसावं म्हणून डेटाबेस उघडून ओळख बदलणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. पत्त्यात काय दिसतं याने गावातल्या एकाही माणसाचं काही अडत नाही, आणि त्यासाठी चालतं नेटवर्क पणाला लागतं.

नुसतं नाव बदलल्याने एपी रीस्टार्ट होत नाहीत, वायफाय तुटत नाही, डिव्हाइस पुन्हा अडॉप्ट करावी, म्हणजे सर्व्हरला नव्याने जोडून घ्यावी, लागत नाहीत. त्यामुळे भर दिवसा, जिनिंग चालू असतानाही हे काम करता येतं.

नाव ठरवणं: खरा वेळ इथे द्या

बटण दाबायला एक मिनिट लागतं. नाव ठरवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि ती सत्कारणी लागली.

आपल्या भागात गावांची नावं जोडीनं येतात. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, दोन्ही अमरावती जिल्ह्यातले तालुके: पहिलं हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर, दुसरं अमरावतीच्या उत्तरेला. नांदगाव खंडेश्वर आणि नांदगाव पेठ, दोन्ही अमरावतीचेच. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. तळेगाव दशासर अमरावतीचं, तळेगाव श्यामजीपंत वर्ध्याचं. आणि इंग्रजीत लिहिलं की आर्वी आणि आर्णी यांच्यात एका अक्षराचा फरक उरतो. एक वर्धा जिल्ह्यात, दुसरं यवतमाळ जिल्ह्यात. रात्री अकरा वाजता मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर तो फरक डोळ्याला दिसत नाही.

जिल्ह्यासाठी मी गाडीच्या पासिंगचा नंबर घेतला. अमरावती २७, बुलढाणा २८, यवतमाळ २९, अकोला ३०, वर्धा ३२, वाशीम ३७. आपल्याकडे हे नंबर शाळकरी पोरालाही पाठ असतात, वेगळं कोष्टक लागत नाही. नंबर सुरुवातीला असल्याने यादी आपोआप जिल्हावार लागते. त्यानंतर गावाचं पूर्ण नाव, शेपटीसकट: नुसतं 'चांदूर' कधीच नाही. शेवटी जागेचा प्रकार. म्हणजे '२७-चांदूर-रेल्वे-कॉलेज', '२७-चांदूर-बाजार-पतसंस्था', '३२-कारंजा-घाडगे-जिनिंग', '३७-कारंजा-लाड-डाळमिल', '२७-वरुड-पॅकहाउस'. दोन्ही चांदूर २७ मध्येच आहेत, म्हणून जिल्ह्याचा नंबर एकटा पुरत नाही. शेपटी सोडली की घोळ पुन्हा सुरू.

मालकाचं नाव साइटला देऊ नका. जिनिंग भाड्याने जाते, भागीदार बदलतात, पॅकहाउस एका हंगामात एकाकडे आणि दुसऱ्या हंगामात दुसऱ्याकडे असतं. जागा मात्र तिथेच राहते. 'नवीन', 'जुनं', '२' हे शब्दही टाळा. आज जे नवीन आहे त्याच्या शेजारी पुढच्या दिवाळीला आणखी एक नवीन उभं राहील.

प्रत्यक्ष टाइप करताना मी इंग्रजी अक्षरं वापरतो. मराठीवर प्रेम कमी आहे म्हणून नव्हे. माझ्या गैरहजेरीत जो मुलगा काम बघतो तो मोबाइलवर इंग्रजी कीबोर्डनेच शोधतो, आणि तातडीच्या वेळी शोध एका फटक्यात लागला पाहिजे.

सगळी नावं आधी वहीत लिहा: डावीकडे जुनं, मधे ब्राउझरच्या पत्त्यात दिसणारी ओळख, उजवीकडे नवं. मग ती वही त्या गावाला जाणाऱ्या माणसाला दाखवा आणि विचारा, "यातलं कोणतं कुठलं?" तो जिथे अडखळेल ते नाव बदला.

आता प्रत्यक्ष काम

सर्वात आधी बॅकअप. सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली बॅकअपचा भाग आहे (जुन्या आवृत्तीत मेंटेनन्सखाली), तिथून फाइल डाउनलोड करा. ती सर्व्हरच्याच संगणकावर ठेवून उपयोग नाही. पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर घ्या. फाइलच्या नावाशेजारी सर्व्हरची आवृत्तीही लिहून ठेवा. युनिफायचा बॅकअप त्याच किंवा पुढच्या आवृत्तीवर परत घेता येतो, मागच्या आवृत्तीवर घेता येत नाही.

नाव बदलणं निर्धोक आहे, मग बॅकअप कशाला, असं वाटेल. कारण आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. डेटाबेस लिहीत असताना संगणक धाडकन बंद पडला तर तो बिघडू शकतो. सर्व्हर एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर असेल तर यूपीएसची बॅटरी खरंच चालते का, ते प्लग काढून एकदा बघा, आणि ते बॅकअप झाल्यावरच बघा. दिवा हिरवा असला तरी बॅटरी गेलेली असू शकते. जिनिंगच्या ऑफिसात तर रुईचे तंतू यूपीएसच्या जाळीत बसतात, बॅटरी तापते आणि वर्षा-दोन वर्षांत संपते.

मग लॉगिन करा. स्वतःच्या मशीनवर चालणारा नेटवर्क सर्व्हर साधारणपणे ८४४३ पोर्टवर उघडतो. लॉगिन पूर्ण अधिकाराच्या खात्यानं करा. फक्त पाहण्याच्या अधिकाराचं खातं असेल तर सगळं दिसेल, पण नाव बदलता येणार नाही. "माझ्याकडे ती चौकट करडी दिसून राहिली" असे जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांचं कारण एवढंच असतं.

वर साइटचं नाव दिसतं, त्यावर क्लिक करून यादी उघडा आणि जी साइट बदलायची तिच्यात जा. इथे थांबा. नाव बदलण्याआधी त्या साइटमधली डिव्हाइसची यादी उघडून दोन-तीन ओळखीची डिव्हाइस दिसतात का ते बघा. चांदूर बाजारच्या साइटमध्ये कॉलेजचा 'प्रयोगशाळा एपी' दिसला तर तुम्ही चुकीच्या घरात शिरला आहात. मी त्या संध्याकाळी एवढं जरी पाहिलं असतं तरी त्या मुलीचा आठवडा वाचला असता.

खात्री झाली की सेटिंग्ज. पाचच्या मालिकेतल्या जुन्या आवृत्तीत 'साइट' नावाचाच भाग आहे आणि त्यात सर्वात वर 'साइट नेम'ची चौकट. नव्या आवृत्त्यांमध्ये मांडणी बरीच बदलली आहे. 'सिस्टीम'खाली पाहा, आणि तिथेही नजरेत आलं नाही तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत 'नेम' टाका. ड्रीम मशीनसारख्या गेटवेवर एकच साइट असते, तिथे कन्सोलचंच नाव बदलायचं असतं.

जुनं नाव पूर्ण खोडा, वहीतलं नवं नाव टाका. पुढे-मागे रिकामी जागा राहिली नाही ना ते पाहा; व्हॉट्सअॅपवरून नाव कॉपी केलं की कधीकधी शेवटी एक स्पेस येते आणि पुढे शोधताना छळते.

त्याच पानावर आसपास देश, टाइमझोन, डिव्हाइसमध्ये शिरण्याचा एसएसएचचा पासवर्ड अशा चौकटी असू शकतात. त्यांना हात लावू नका. देश बदलला तर वायफायची चॅनल आणि शक्ती यांचे नियम बदलतात, सर्व्हर सगळ्या एपींना नवीन सेटिंग पाठवतो आणि तेवढा वेळ वायफाय जातं. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड आपोआप भरायची सोय चालू असेल तर एसएसएचच्या चौकटीत तो न विचारता जाऊन बसू शकतो. म्हणून बदल जतन करण्याआधी पान वरपासून खालपर्यंत एकदा डोळ्याखालून घाला. शंका आली तर जतन न करता बाहेर पडा आणि पुन्हा सुरुवात करा.

सगळं ठीक असेल तर 'अप्लाय चेंजेस' दाबा.

झालं का, ते कसं पाहायचं

पान रीफ्रेश करा, साइटची यादी पुन्हा उघडा. नवं नाव दिसलं पाहिजे. मग डिव्हाइसच्या यादीत सगळी डिव्हाइस पूर्वीसारखी ऑनलाइन आहेत का ते पाहा. त्याच वेळी एखादं 'अपडेटिंग' किंवा 'प्रोव्हिजनिंग' (नवी सेटिंग घेत असल्याची खूण) दाखवत असेल, तर नावाबरोबर दुसरंही काही बदललं गेलं आहे. कोणती सेटिंग हलली ते लगेच शोधा. मोबाइल अॅपमध्ये जुनं नाव थोडा वेळ रेंगाळलं तर अॅप पूर्ण बंद करून उघडा.

आणि एक फोन करा त्या जागेवर. "भाऊ, नेट चालू आहे ना?" एवढंच विचारा. स्क्रीनवरच्या हिरव्या ठिपक्यापेक्षा मला त्या उत्तरावर जास्त विश्वास वाटतो.

दहा साइटची नावं बदलायची असतील तर एका बैठकीत सगळी उरकू नका. दोन बदला, दोन दिवस वापरा. पद्धत सोयीची वाटली तर पुढची करा. एक साइट झाली की वहीत त्या ओळीसमोर बरोबरची खूण आणि तारीख.

सर्व्हरच्या बाहेर नाव कुठे कुठे अडकलेलं असतं

ओळखीवर चालणारं सगळं शाबूत राहतं. नावावर चालणारं मात्र तुटतं. इथे लोक फसतात, कारण तुटलेलं लगेच दिसत नाही.

अलर्टचे मेल हे पहिलं ठिकाण. मेलमध्ये 'चांदूर २' आलं की वेगळ्या कप्प्यात टाका, असा फिल्टर लावलेला असेल तर नाव बदलल्यावर मेल येत राहतील, पण दुसरीकडेच साचतील. तुम्हाला वाटेल सगळं शांत आहे. फिल्टर त्याच दिवशी दुरुस्त करा.

ग्राफानासारख्या पडद्यावर आलेख काढत असाल तर तिथे साइटचं नाव लेबल म्हणून गेलेलं असतं. नाव बदललं की जुना आलेख तिथेच थांबतो आणि नव्या नावाने दुसरा सुरू होतो. आकडे हरवत नाहीत, पण मागच्या हंगामाची तुलना करताना दोन्ही नावं निवडावी लागतात. नाव केव्हा बदललं ती तारीख वहीत असेल तर सहा महिन्यांनी ही गोष्ट कोड्यात टाकत नाही.

एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारात, बिलात, कंत्राटदाराला दिलेल्या यादीत जुनं नाव असेल तर तेही बदलून द्या. मी पहिले तीन महिने बिलावर नवं नाव आणि खाली कंसात जुनं असं दोन्ही लिहिलं.

नाव बदलून भागत नाही तेव्हा

पुष्कळदा खरी अडचण वेगळीच निघते: सगळी गावं एकाच 'डीफॉल्ट'मध्ये कोंबलेली असतात. कोणीतरी पहिल्या दिवशी घाईत अडॉप्ट केलं आणि तेच चालू राहिलं. अशा साइटला कितीही सुंदर नाव दिलं तरी आत आर्वीचं जिनिंग आणि वरुडचं पॅकहाउस एकत्रच राहणार. तिथे नवीन साइट करून डिव्हाइस हलवावी लागतात, आणि हे काम नावाइतकं निर्धोक नाही.

नवीन साइट केली की ती कोरी असते. डिव्हाइस हलवलं की ते नव्या साइटची सेटिंग घेतं. तिथे वायफायच नसेल तर डिव्हाइस हलताक्षणी त्या जागेचं वायफाय गायब होईल. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नव्या साइटमध्ये वायफाय तयार करा, नाव आणि पासवर्ड अक्षरन् अक्षर जुन्यासारखे, इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकासकट. व्हीलॅन (एकाच केबलवर वेगळे ठेवलेले नेटवर्कचे भाग) असतील तर तेही. देश आणि टाइमझोन तपासा. त्यानंतर एकच एपी हलवा, सहसा ऑफिसातला, जिथे कोणीतरी फोन उचलेल. डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये मॅनेजखाली दुसऱ्या साइटला हलवण्याची सोय असते. तो एपी नव्या साइटमध्ये ऑनलाइन दिसला, फोन आपोआप जोडला गेला, की मग बाकीचे.

केबल नसलेल्या, हवेतून दुसऱ्या एपीला जोडलेल्या एपीची काळजी घ्या. गोदामाच्या मागच्या टोकाला असा एक तरी असतोच. दोघं वेगवेगळ्या साइटमध्ये गेले की त्यांचा एकमेकांशी दुवा तुटतो आणि मागचा अंधारात राहतो. तो हलवण्याआधी तात्पुरती केबल लावा, आणि हे काम त्या जागी उभं राहून करा.

हलवाहलवी हंगामात करू नका. जिनिंग दसऱ्या-दिवाळीनंतर भरात येतं आणि काट्यावर गाड्यांची रांग लागते. तेव्हा दहा मिनिटं नेट गेलं तरी शेतकरी उन्हात बैलगाडीशेजारी उभा राहतो. त्यांच्यासाठी जून-जुलै बरा. संत्र्याच्या पॅकहाउसला आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या मधला काळ बघा. शाळा-कॉलेजला प्रवेश आणि परीक्षा सोडून कधीही.

ओमाडा वापरत असाल तर

टीपी-लिंकच्या ओमाडा कंट्रोलरमध्येही तत्त्व तेच आहे. त्या साइटमध्ये जाऊन सेटिंग्ज, साइट, साइट कॉन्फिगरेशन, आणि तिथे साइट नेम. याच चौकटीशेजारी देश आणि टाइमझोन आहेत, तेव्हा वरचीच सूचना. आतली ओळख इथेही वेगळी असते आणि नावाबरोबर बदलत नाही.

शेवटचं काम सर्व्हरवर नसतं

नवं नाव जाड मार्करनं कागदावर लिहा, वर पारदर्शक टेप लावा आणि त्या जागेवरच्या रॅकच्या दाराला आतून चिकटवा. बाहेरून चिकटवलेला कागद जिनिंगच्या धुळीत एका हंगामात वाचता येईनासा होतो. मी आता फोनवर सांगतो, "दार उघडा आणि आत काय लिहिलं ते वाचून दाखवा." समोरचा वाचतो, "सत्तावीस, चांदूर, बाजार, पतसंस्था." तोपर्यंत माझं बोट रीस्टार्टच्या बटणावर जात नाही.